अण्णांनी न दाखवलेली वाट

आमच्या अण्णांना पाण्याची भीती वाटायची आणि आमचं घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. जुन्नरहून घाटघरकडे जाणारा रस्ता चावंड किल्ल्याच्या पायथ्याने, धरणाच्या फुगवट्याला धरून वळणं घेत जातो. त्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची दहा-बारा घरांची वस्ती. धरण झालं तेव्हा जुनी वस्ती, खळं, चार आंबे आणि एक बांधीव विहीर पाण्याखाली गेली आणि सगळे वर सरकले. मी तेव्हा कडेवर होते, त्यामुळे मला वाटायचं, पाणी पहिल्यापासूनच तिथं आहे आणि मोठी माणसं उगाच त्याच्याकडे बोट दाखवून "थितं आपलं खळं व्हतं" म्हणून उसासे टाकतात. अण्णांना पोहता येत नव्हतं. धरणाच्या काठी राहून पोहायला न शिकलेला वस्तीतला तो एकटाच बाप्या. "माशाला तरी कुठं चालता येतंय," असं ते म्हणायचे, आणि विषय संपवायचे.

दिवाळी सरली की कालव्याला पाणी सुटायचं आणि आमच्या पुढ्यातलं पाणी रोज हात-दोन हात मागं हटायचं. ते हटलं की मागं काळाभोर गाळ उघडा पडायचा. त्या गाळात नांगर नाही, कुळव नाही, नुसता हरभरा फेकायचा. गाळपेर म्हणतात त्याला. पुसाच्या महिन्यात तो हरभरा असा काही माजायचा, की शाळेतून येताना आम्ही पोरी घाटे ओरबाडत यायचो आणि त्यांच्यावरच्या आंबट आंबेने आमचे ओठ सोलून निघायचे. अण्णांचं एक डिझेल इंजिन होतं. पाणी मागं गेलं की इंजिन मागं न्यायचं, पाइप लांबवायचा, पुन्हा पाणी मागं गेलं की पुन्हा तेच. सबंध हिवाळा अण्णा असे पाण्याच्या मागं मागं जात. पाण्याला भिणाऱ्या माणसाच्या नशिबी हे काम आलेलं, म्हणून त्यांनी त्या भीतीचे नियम करून टाकले होते. हातात काठी असल्याशिवाय काठावर जायचं नाही. काठी आधी, पाय नंतर. धुकं असेल तर घरातच बसायचं. गाळाला भेगा पडल्यात तिथून चालायचं, गुळगुळीत दिसतो तिथून नाही. "गुळगुळीत गाळ आन् गुळगुळीत बोलणारा माणूस, दोन्हींवर पाय ठिवू नये," हे त्यांचं पेटंट वाक्य. आई चुलीपाशी बसून म्हणायची, "तुमचा बा तांब्यातलं पाणी बी काठी घालून पितो."

वस्ती हसायची, पण इंजिन कुठं ठेवायचं आणि म्हशी कुठून उतरवायच्या हे विचारायला सगळे अण्णांकडेच यायचे, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की शाळेत मला "काठीवाल्याची पोर" म्हणतात. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं असतं.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे सुधाबाई राहायला आल्या. मूळच्या नागपूरच्या, पुण्यात कॉलेजात शिकवायच्या. आमच्या हेडमास्तरांच्या ओळखीने एस.टी.तून एक पत्र्याची ट्रंक आणि गळ्यात दुर्बीण घेऊन उतरल्या आणि आमची पडवीची खोली त्यांनी महिन्याभरासाठी घेतली. कशासाठी, तर पाण्यावरचे पक्षी मोजायला. आईला हे पचायला आठवडा लागला. "मोजून काय करत्यात?" ती मला विचारायची. "वहीत लिहित्यात." "आन् लिहून?" "परत मोजत्यात." संध्याकाळी बाई परत आल्या की आई अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायची, "भरली का बाई समदी? का एखादं कुणी चोरलं?" बाईही तेवढ्याच गंभीरपणे सांगायच्या, "दोन कमी आहेत. तुमच्या कालवणात तर नाहीत ना?" वस्तीने त्यांचं नाव बदकबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

पहिल्याच रविवारी आईने त्यांच्यासाठी मासवडीचा घाट घातला. तिळखोबऱ्याचं सारण, वर बेसनाची जाड पोळी, बरोबर जाळ उठवणारा रस्सा आणि नाचणीची भाकरी. बाईंनी ताट बघून हात जोडले. "मी मासे खात नाही हो." आईने एकदा वडीकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि तिला जे हसू फुटलं ते भाकरी करपेपर्यंत थांबलं नाही. मासवडीत मासा नसतो हे नागपूरला कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. त्यानंतर बाईंनी चार वड्या खाल्ल्या आणि रश्श्याने नाकाडोळ्यांतून पाणी गाळत वहीत मासवडीची नोंद केली, बदकांच्या शेजारीच.

मी बाईंच्या मागं मागं असायचे. सुट्टीच्या दिवशी पहाट फुटता फुटता आम्ही निघायचो. गवतावरचं दव घोट्यापर्यंत भिजवायचं, पत्र्यांवरून ठिपठिप गळायचं. तोंडातून वाफा निघायच्या. पाण्यावरून धुराचे लोट उठावेत तशी वाफ उठलेली असायची आणि त्या आडून नुसते आवाज यायचे, गुरगुर, शिट्ट्या, मधूनच पाणी आपटल्याचा फटका. मग चावंडच्या खांद्यावरून ऊन उतरलं की एकेक दिसू लागायचं. लाल पायांचा शेकाट्या, कपाळावर पांढरा टिळा लावलेला चांदवा, आणि लांबवर भगव्या अंगाचे चक्रवाक. हे सगळे मी जन्मापासून बघत होते, पण आम्हाला ती सगळी नुसती 'पाखरं' होती. बाईंनी मला दुर्बीण दिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला चक्रवाकाचा डोळा दिसला. तो माझ्याकडेच बघतोय असं वाटून मी दुर्बीण खाली घेतली, तर बाई खो खो हसल्या.

बाईंना अण्णांचे नियम मान्य होते. काठी घ्यायच्या, सांगून जायच्या, अण्णा म्हणतील त्याच वाटेने जायच्या. मला त्याचाच राग यायचा. एवढी शिकलेली बाई, आणि आमच्या अण्णांचं ऐकते!

त्यांचे जायचे दिवस जवळ आले तेव्हाची गोष्ट. मोठ्या थव्याने चक्रवाक पलीकडच्या जिभेवर उतरले होते. पाणी हटल्यावर जमिनीची जी चिंचोळी पट्टी आत घुसलेली राहते, तिला आम्ही जीभ म्हणायचो. तिथं जायला अण्णांची वाट वरच्या बांधावरून, अर्ध्या तासाचा वळसा. मधून सरळ गेलं तर पाच मिनिटं. मधला गाळ वरून सुकलेला, करडा, परातीसारखा सपाट होता. भेगा नव्हत्या. बाईंनी घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या, "वळसा घालेपर्यंत उडून जातील गं."

"हिकडनं जवळ हाये, बाई."

"अण्णांनी वरून जायला सांगितलंय ना?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. अगदी सहज बोलले. "अण्णांनीच काल बघून ठिवलीया ही वाट. काठी घालून."

मी पुढे, बाई मागे. मी तेव्हा शेवग्याच्या शेंगेसारखी होते. गाळावरच्या खपलीने मला अलगद झेललं. पायाखाली जरा हलल्यासारखं वाटलं, सायीवर चालावं तसं, आणि मला त्याची मजाच वाटली. मागं 'पच्' असा आवाज आला. वळून बघते तर बाई गुडघ्यापर्यंत आत. त्या हसत होत्या. "अगं, गमबूट अडकला बघ," म्हणून त्यांनी एक पाय ओढला, तो निघाला नाही, पण दुसरा मांडीपर्यंत गेला. मग त्या हसायच्या थांबल्या. त्यांनी काठी टेकवली, तीही गेली. त्या जेवढ्या धडपडत होत्या, तेवढ्या खाली जात होत्या, आणि तो गाळ एवढा गार होता की थोड्याच वेळात त्यांचे ओठ पांढरे पडले.

मी काय केलं? मी रडले. आधी रडले, हे लिहायलाच हवं. आणि मग माझ्या तोंडून अण्णांचे शब्द निघाले. दरवर्षी दिवाळीनंतर ते आम्हाला ओसरीवर बसवून ऐकवायचे आणि आम्ही जांभया देत ऐकायचो, तेच. "बाई, उभं राहू नका! बसा! मागं टेका, आडव्या व्हा! हात पसरा! पाय हालवू नका!" बाईंनी ऐकलं. त्या मागं रेलल्या, त्यांचं बुडणं थांबलं. मी पोटावर झोपले आणि सरपटत, कोपरांनी, कडेपर्यंत आले आणि तिथून पळत सुटले.

अण्णा इंजिनापाशी होते. इंजिनाच्या धडधडीत त्यांना माझी हाक ऐकू येईना. जवळ जाऊन मी त्यांचा सदरा ओढला. त्यांनी इंजिन बंद केलं, आणि ती शांतता मला अजून आठवते. "कुठं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता मारतात. पण ते वस्तीकडे पळत होते. शेजारच्या सोपानतात्यांना हाक मारली, त्यांची शिडी घेतली, आमची बाज घेतली, माळ्यावरचं चऱ्हाट घेतलं, पाण्याची भरली कळशी आणि तांब्या घेतला. आणि हा पाण्याला भिणारा माणूस, ज्याची आम्ही सगळे टिंगल करायचो, गाळावर शिडी टाकून तिच्यावर पालथा झोपला आणि सरपटत निघाला. पुढं बाज ढकलत. कडेला चऱ्हाटाचं दुसरं टोक धरून तात्या.

"तात्या, उजव्या अंगाला काय टाकू नको," अण्णा मागं न बघता म्हणाले. "डाव्या अंगानंच ऱ्हा." तात्यांना कारण लगेच उमगलं. त्यांचाही चेहरा बदलला. उजव्या अंगाला, बाईंपासून दोन-तीन हातांवर, जुन्या वस्तीची विहीर होती. वरून तीही तशीच करडी आणि सपाट दिसत होती. अण्णांनी हे बाईंना कळू दिलं नाही. बाईंना ते म्हणाले, "बाई, आज बदकं किती झाली?"

बाईंचे दात वाजत होते. "न... नाही मोजली."

"मग मोजा की. ती बगा पल्याड बसल्यात. मोठ्यानं मोजा, मला बी शिकायचंय."

बाई मोजू लागल्या. बावीसपर्यंत गेल्या की चुकायच्या, अण्णा म्हणायचे, "ऱ्हायलं की एक, पहिल्यापास्नं." आणि मोजता मोजता त्यांच्या काखेतून दोर गेला, बाज त्यांच्या पाठीखाली आली. अण्णा गमबुटाच्या कडेने हात घालून गाळ ढिला करत होते, वर तांब्याने पाणी ओतत होते, "पाय बुटातनं काढा बाई, बूट ऱ्हाऊ द्या त्येला" म्हणत होते. तासभर चाललं असेल. पहिला पाय निघाला तेव्हा असा आवाज झाला की एरवी आम्ही पोरी लोळून हसलो असतो. दुसरा निघाला आणि सगळ्या वस्तीने मिळून बाजेवर बदकबाईंना ओढून काढलं. ते गमबूट अजून तिथंच आहेत.

आता शनिवार-रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची रांग असते. तंबू ठोकतात, गाणी लावतात, काठावर जाऊन पाठमोरे फोटो काढतात. मी पन्नाशी उलटलेली बाई, जाता येता सांगत असते, "पोरांनो, तिकडं नका जाऊ, गाळ कच्चा हाय." परवा एक जण म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ, मी चॅम्पियन स्विमर आहे." मी म्हटलं, "गाळात कसं पोहत्यात ते एकदा दाखव राजा, आमी बगितलं न्हाई." तो हसला, पण मागं आला. हसले तरी चालतं, मागं आले म्हणजे झालं.

त्या दिवशी घरी आणल्यावर आईने बाप्यांना बाहेर हाकललं, बाईंचे ओले कपडे सोडवले, स्वतःचं कोरडं लुगडं नेसवलं, घोंगडीत गुंडाळलं. बाई चुलीशी सरकू लागल्या तर तिने त्यांना लांब बसवलं. "एकदम जाळाजवळ नगं. आधी आतनं गरम व्हा." गवती चहा आणि आल्याचा गुळाचा चहा, कपामागून कप. बाईंच्या गालांवर रंग आला तशी ओसरीवर गर्दी जमली, आणि सुटकेनंतर माणसं बोलतात तशी सगळी एकदम बोलू लागली. तेवढ्यात आईने विचारलं, "पर बाई, तुमी तिकडनं गेलाच कशाला?"

बाई बिचाऱ्या साधेपणाने म्हणाल्या, "अण्णांनी काल वाट बघून ठेवली होती ना. ही म्हणाली."

सगळी अण्णांकडे बघायला लागली. अण्णांच्या कोपरापर्यंत गाळ वाळला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "व्हय. मीच म्हणलो व्हतो. माझा अंदाज चुकला."

आईचं तोंड उघडं राहिलं. आणि तात्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला! काठीवाला चुकला!" ओसरीभर हशा उसळला. भीती गेल्यावरचा हशा, त्यात वाईट काही नव्हतं. अण्णाही हसले. मी खांबाला धरून उभी होते.

पुढचे दिवस वस्तीला थट्टेला अण्णा पुरले. गिरणीवर दळण टाकायला गेले की कुणीतरी म्हणायचं, "अण्णा, मला जुन्नरला जायचंय राव, वाट सांगता का?" एस.टी.च्या थांब्यावर पोरं जमिनीवर काठी आपटत चालून दाखवायची. अण्णा हसायचे आणि पुढं जायचे. मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चापट मारली असती तर बरं झालं असतं. उलट मला बरोबर घेऊन त्या कच्च्या गाळाच्या कडेने त्यांनी तुराट्या रोवल्या, त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, आणि सगळा वेळ हरभऱ्याला यंदा घाटअळी कमी आहे यावरच बोलत राहिले. घरात मात्र एक नवल झालं होतं. आई त्यांना टोचून बोलायची थांबली होती. ती आता त्यांच्याकडे बघून नुसती हसायची, वाढताना जास्तीची भाकरी टाकायची. "खावा. गाळातनं वडायला ताकद लागती," म्हणायची.

बाईंच्या निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं हरभऱ्याच्या कडेला होतो. बाई शेवटचं मोजून घेत होत्या. सोपानतात्या म्हशी घेऊन उतरले. नेहमीच्या उताराने न जाता ते तुराट्यांच्या पलीकडे, डाव्या हाताला वळले. तिथं पाणी जवळ होतं. अण्णा उठून उभे राहिले. "तात्या, तिकडनं नगं. कालच पाणी हाटलंय. वरनं ये."

तात्यांनी मागं न बघता हात हलवला. "ऱ्हाऊ दे अण्णा! तुझ्या वाटा बगितल्यात आमी!"

पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया हसल्या. अण्णा पुन्हा ओरडले, यावेळी जोरात. तात्या चालतच राहिले. आणि मला एकदम समजलं, की मी अण्णांचं काय घेतलं होतं. पुढची म्हैस उतारावर पोचली होती. मी धावत सुटले, आणि ओरडले, एवढ्या मोठ्याने की पाण्यावरचा थवा उठला. "तात्या, थांबा! अण्णांनी वाट दाखवली न्हवती! मी दाखवली! मी खोटं बोलले! अण्णा चुकले न्हवते! अण्णा बरोबर व्हते!"

तात्या थांबले. म्हशीचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गेले होते. तात्यांनी शेपूट धरली, अण्णांनी दावं, आणि ती घाबरलेली म्हैस फुरफुरत कशीबशी मागं आली. तात्यांनी त्या जागी हातातली काठी दाबली. ती मुठीपर्यंत गेली. ते काठीकडे बघत राहिले आणि मग अण्णांना म्हणाले, "कुठनं उतरवू?" अण्णांनी हाताने दाखवलं. तात्या त्या वाटेने गेले.

बाईंनी दुर्बीण खाली घेतली होती. त्या माझ्याजवळ आल्या. "माझ्याशी खोटं बोललीस तू."

"व्हय, बाई."

"माझा जीव गेला असता."

मी मान खाली घातली. त्यांनी दुर्बिणीची काच पुसली. मग म्हणाल्या, "आडवं व्हायला सांगितलंस, तेही तूच." एवढं बोलून त्या वही उघडून पुन्हा मोजायला बसल्या. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे पुण्याला नर्सिंगला गेले तेव्हा त्यांच्याच घरी राहिले, तेव्हाही विचारायचं धाडस झालं नाही.

घरी जाताना अण्णा पुढं, मी मागं. हरभऱ्यातून चालता चालता मी विचारलं, "तुमी त्या दिशी का सांगितलं न्हाई?"

"सांगून?" अण्णा म्हणाले. "तू एवढीशी. एकदा लबाड म्हणलं की गाव ते धरून बसतं. तुला लई वर्सं काढायची हायेत. माझं काय, निम्मं झालं." चार पावलं पुढं गेल्यावर ते थांबले. "पर एक सांगतो. लई जड गेलं. उभ्या जल्मात गाळाचा एक अंदाज चुकला न्हाई माझा, आन् ती गिरणीवरची कालची पोरं मला वाट शिकवत व्हती." आणि ते एकदम हसायला लागले. मी रडत होते, तरी मलाही हसू आलं.

घर दिसू लागलं तसा त्यांनी आवाज खाली केला. "आईला लगीच सांगू नगंस."

"का?"

ते जरा लाजले. माझ्या बापाला लाजताना मी तेव्हाच पाहिलं. "मी चुकलो म्हणून ती जरा बरी वागतीया. तात्या सांगंलच गावभर. पर आज ऱ्हाऊ दे."

आई दारातच उभी होती, हाताला पीठ. "काय वो, काय झालं खाली? केवढी आरडाओरड!"

"काय न्हाई," अण्णा म्हणाले. "तात्याच्या म्हशी."

आईने माझ्याकडे बघितलं. माझे डोळे सुजलेले होते. त्या हिवाळ्यात मी दुसऱ्यांदा खोटं बोलले. "व्हय आई," मी म्हणाले. "म्हशीच व्हत्या."